सहा बाजूंवरची भेट : ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ या ध्वनिमुद्रिका-संचाची प्रस्तावना

1971 च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरी, वुडलँड नावाच्या ध्वनिमुद्रणालयात, अवघ्या सहा दिवसांच्या अवधीत जे गायनवादन मुद्रित झाले आणि पुढील वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने ज्याचा तीन तबकड्यांचा संच ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ या नावाने प्रसिद्ध केला, त्या संचाच्या जुन्या, वापरलेल्या, चार घरे फिरून आलेल्या प्रतींचा परिचय मराठी संग्राहकांना करून द्यावा, हा पुढील पानांचा हेतू आहे. परंतु तबकडीची अवस्था, तिच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदाचा रंग, वेष्टनावरील डाग आणि बाजारातील भाव एवढा तपशील सांगून हा परिचय पुरा होण्यासारखा नाही. कारण या संचात नेमके काय जतन झाले आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याची कोणती प्रत ठेवण्याजोगी आणि कोणती सोडून देण्याजोगी हेही ठरविता यावयाचे नाही. माझे मत प्रारंभीच नमूद करून ठेवतो. हा संच गाण्यांचा संग्रह तर आहेच, पण त्याहून अधिक तो एका भेटीचा दस्तऐवज आहे. आणि ती भेट गाण्यांच्या अधल्यामधल्या जागांत, वादक एकमेकांशी दोन शब्द बोलतात तेथे, सूर लावताना जो विराम पडतो त्यात, विशेष करून सापडते. म्हणून ज्या प्रतीत या जागा शाबूत आहेत ती प्रत घ्यावी, मग तिचे वेष्टन फाटके का असेना. या मताचा खुलासा व्हावयाचा तर हकीकत थोडी मागून, गाणी जेथून आली त्या मुलुखापासून, सांगणे भाग आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या ॲपलाचियन पर्वतराजीच्या दऱ्याखोऱ्यांत अठराव्या शतकापासून जी वस्ती होत गेली, तीत स्कॉटलंड, इंग्लंड आणि आयर्लंडचा उत्तर भाग येथून आलेल्या कुटुंबांचा मोठा भरणा होता. या लोकांनी आपल्याबरोबर जुनी कथागीते आणली, प्रार्थनागीते आणली आणि फिडल आणले. फिडल म्हणजे आपल्या परिचयाचे व्हायोलिनच, परंतु हातात घेऊन नाचाच्या ठेक्यावर वाजविण्याची त्यांची रीत निराळी. बँजो मात्र त्यांचा नव्हे. त्या वाद्याचे पूर्वज आफ्रिकेत होते आणि गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते स्मरणातून या भूमीवर पुन्हा घडविले. गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांतून सुरावटी, बोटांच्या पद्धती आणि गाण्यांची कडवी इकडून तिकडे जात राहिली. 1920 नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनी त्यांची विक्री वर्णावरून दोन वेगळ्या याद्यांत वाटून टाकली, आणि पुढील कित्येक पिढ्यांचा समज असा झाला की, हे दोन प्रवाह मुळातच वेगळे होते. संग्राहकाने त्या याद्यांवर विसंबू नये, हे येथेच सांगून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सरहद्द ज्या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते, त्या ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीच्या वतीने राल्फ पीर हा गृहस्थ 1927 च्या जुलैअखेर आपली यंत्रसामग्री घेऊन येऊन उतरला. टोप्यांच्या एका कंपनीच्या गोदामात त्याने मुद्रणाची तजवीज केली आणि 25 जुलै ते 5 ऑगस्ट या काळात आसपासच्या डोंगराळ प्रदेशातील गायकवादकांचे मुद्रण केले. त्यांत व्हर्जिनियाच्या बाजूने मोटारीने आलेले कार्टर कुटुंब होते : ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा, आणि मेबेल, जी साराची नात्याने बहीण लागे आणि ए. पी.च्या धाकट्या भावाला दिलेली होती. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती, गरोदर होती, आणि गिटारवर तिचा हात असा बसलेला होता की, तिच्या मागून आलेल्या तीन-चार पिढ्यांनी तो गिरवला. ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत या तिघांनी सहा गाणी मुद्रित केली आणि प्रत्येक गाण्यामागे 50 डॉलर घेऊन ती परत गेली. त्याच आठवड्यात त्याच जागी जिमी रॉजर्स या गायकाचेही पहिले मुद्रण झाले. आज अमेरिकेत ज्याला कंट्री संगीत म्हणतात त्याच्या व्यावसायिक इतिहासाचा आरंभ या दोन नावांपासून धरण्याचा प्रघात पडला आहे.

मेबेलच्या हाताविषयी दोन वाक्ये अधिक लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तत्पूर्वी गिटारचे काम सामान्यतः गाण्यामागे ताल धरून राहण्याचे असे. मेबेल अंगठ्याने खर्जाच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवी आणि त्याच वेळी तर्जनीने वरच्या बारीक तारा खालीवर झटकून ठेका चालू ठेवी, त्यामुळे एकाच वाद्यातून गायन आणि साथ अशी दोन्ही कामे होऊ लागली आणि ऐकणाऱ्याला वादक दोघे आहेत असा भास होई. तिच्या वादनाच्या जडणघडणीत लेस्ली रिडल या काळ्या गिटारवादकाचा वाटा होता. टेनेसीतील किंग्सपोर्ट येथील हा मनुष्य ए. पी.च्या बरोबर गावोगाव हिंडे, ए. पी. लोकांकडून गाण्यांचे शब्द उतरवून घेई आणि रिडल चाली लक्षात ठेवी. घरी आल्यावर त्या चाली तो वाजवून दाखवी आणि मेबेल त्याच्या बोटांकडे पाहून शिके. ज्या गाण्यावरून आपल्या संचाला नाव मिळाले ते असेच हिंडण्यातून कार्टर कुटुंबाच्या हाती आलेल्या सामग्रीचे उदाहरण आहे. मूळ प्रार्थनागीत 1907 चे, शब्द ॲडा हॅबरशॉन यांचे आणि चाल चार्ल्स गेब्रिएल यांची, ए. पी.ने त्याची कडवी बदलून आईच्या अंत्ययात्रेचे गाणे केले, आणि 1935 मध्ये ते मुद्रित झाल्यावर लोक त्यालाच मूळ मानू लागले.

कार्टर कुटुंबाच्या त्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, दहा इंच व्यासाच्या, एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजणाऱ्या होत्या. तीन मिनिटांची ही मर्यादा मराठी रसिकाला समजावून सांगावी लागत नाही. नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या मुद्रिकांनी आपल्या आज्या-पणज्यांना तिची सवय लावूनच दिली होती. परंतु आणखी एक नाते आहे, आणि ते कमी जणांच्या ध्यानात येते. त्या तबकड्या ज्या मिश्रणाच्या बनत त्यातील बांधून ठेवणारे द्रव्य म्हणजे लाख. आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा पुरवठा छोटा नागपूर व त्याच्या आसपासच्या जंगलांतून, पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरील किड्यांपासून होत असे. व्हर्जिनियाच्या डोंगरातील एका अठरा वर्षांच्या मुलीचा अंगठा ज्या पदार्थात उमटला त्या पदार्थात या देशातील आदिवासींची मजुरी मिसळलेली होती. महायुद्धात 1942 साली पूर्वेकडील मालाचा मार्ग धोक्यात आला तेव्हा अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले, जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळविण्याच्या मोहिमा निघाल्या, आणि अनेक दुर्मीळ मुद्रणे त्या भट्टीत गेली. याच टंचाईत व्हिनाइल या कृत्रिम द्रव्याकडे लक्ष वळले. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी दीर्घमुद्रिका बाजारात आणली, आणि बारा इंचांच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटांचा अवकाश मिळाला. ज्या संचाविषयी आपण बोलत आहोत त्यातील संभाषणे, हसणे, सूर लावणे हे सारे त्या अवकाशामुळे शक्य झाले. तीन मिनिटांच्या तबकडीवर त्यांना कोणी जागा दिली नसती.

दीर्घमुद्रिकेने दुसरेही एक कार्य केले. 1952 मध्ये फोकवेज कंपनीने हॅरी स्मिथ या छांदिष्ट संग्राहकाने निवडलेली, 1920 नंतरच्या दशकातील आणि मंदीच्या आरंभीच्या काळातील 84 मुद्रणे सहा दीर्घमुद्रिकांत एकत्र प्रसिद्ध केली, आणि डोंगराळ गावे कधी न पाहिलेल्या शहरी तरुणांच्या हाती ती गाणी पडली. एका माणसाच्या खोलीतील जुन्या तबकड्यांचा ढीग पुढील पिढीची पाठशाळा कसा होतो याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. आपला संच ज्यांनी घडवून आणला त्या, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे 1966 मध्ये उभ्या राहिलेल्या निटी ग्रिटी डर्ट बँड या तरुण मंडळींच्या वाद्यवृंदाने या संगीतातील वडीलधारे कलावंत प्रथम ओळखले ते असेच, तबकडीवरून. त्यांचे केस लांब, वेश ढगळ. आणि तो काळ व्हिएतनाम युद्धाचा, ज्यात केसांच्या लांबीवरून माणसाची देशनिष्ठा मोजली जात होती. नॅशव्हिल त्या मापात दुसऱ्या टोकाला होते. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहण्याची तयारी ज्या थोड्या ज्येष्ठांनी दाखविली त्यांत अर्ल स्क्रग्ज अग्रणी होते. तीन बोटांनी बँजो वाजविण्याची पद्धत 1945 पासून ज्यांनी बिल मन्रो यांच्या वृंदात लोकप्रिय केली, आणि ज्यांच्या त्या वादनामुळेच ब्लूग्रास नावाच्या शैलीला तिचे रूप आले, ते स्क्रग्ज 1969 च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन येथील युद्धविरोधी मेळाव्यात वाजविण्यास उभे राहिले होते. त्यामुळे 1971 मध्ये कोलोरॅडोतील एका कार्यक्रमाच्या वेळी डर्ट बँडमधील बँजोवादक जॉन मॅक्युएन यांनी, आमच्याबरोबर मुद्रण कराल काय, असे विचारले तेव्हा स्क्रग्ज यांनी तात्काळ होकार दिला. थोड्याच दिवसांनी गिटारवादक डॉक वॉटसन यांनीही दिला. आणि स्क्रग्ज यांच्या शब्दावर इतर दारे उघडत गेली.

आली ती मंडळी कोण होती, हे एकत्र लिहिले असता त्या खोलीचे वजन कळते. मेबेल कार्टर आता 62 वर्षांच्या होत्या आणि सगळे त्यांना मदर मेबेल म्हणत. रॉय एकफ 1938 पासून नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या आकाशवाणी-कार्यक्रमाचे मुख्य आधारस्तंभ. मर्ल ट्रॅव्हिस हे केंटकीच्या कोळसा-खाणींच्या परगण्यातील खाणमजुराचे चिरंजीव; अंधारकोठडीसारख्या खाणीवरील त्यांचे गाणे लोकगीत म्हणूनच गायिले जाते. जिमी मार्टिन यांचा आवाज करवतीसारखा धारदार. संचाचे पहिलेच गाणे ग्रँड ओल ऑप्रीच्या गौरवाचे आहे आणि ते या मार्टिन यांच्या तोंडी आहे. ऑप्रीने मात्र त्यांना आयुष्यात कधीही सभासद करून घेतले नाही, ही गोष्ट माहीत झाल्यावर त्या गाण्यातील उत्साह मला फार वेगळा ऐकू येतो. फिडलवर व्हॅसर क्लेमंट्स होते, ज्यांची ख्याती या मुद्रणानंतर देशभर पसरली. बासवादक ज्युनिअर हस्की हे मुद्रण पुरे झाल्यावर काही आठवड्यांतच वारले. संच बाजारात आलेला त्यांनी पाहिला नाही. बिल मन्रो यांना निमंत्रण होते, त्यांनी नकार दिला. त्यांचा तो अधिकार होता, पण ऐकणाऱ्याला त्यांची अनुपस्थिती जाणवते, एवढे नमूद करतो.

मुद्रणाची पद्धत संग्राहकाने नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळी नॅशव्हिलमध्ये बहुमार्गी फितीवर एकेक वाद्य सुटे मुद्रित करून मागाहून जुळविण्याचा शिरस्ता पडू लागला होता. निर्माते विल्यम मॅक्युएन आणि मुद्रणतज्ज्ञ डिनो लॅपस यांनी तो बाजूला ठेवला. सर्वांना एकाच खोलीत बसविले आणि जे वाजेल ते थेट दोन मार्गांच्या फितीवर घेतले. चूक झाली तर संपूर्ण गाणे पुन्हा, डागडुजीला वाव नाही. याशिवाय एक दुसरी फीत सर्व वेळ चालू ठेवलेली होती, म्हणून वादकांची बोलणी आपल्याला मिळाली. एकफ यांना या लांब केसांच्या मुलांविषयी प्रथम शंका होती आणि ती त्यांनी लपविली नव्हती. आधी झालेले मुद्रण ऐकल्यावर, हे तर आपलेच संगीत आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि ते गाण्यास उभे राहिले. त्यांनी तरुणांना आपला नियम सांगितला तोही तबकडीवर आहे : गाणे मुद्रित करावयाचे ठरले की पहिल्याच खेपेस आपल्याजवळचे सर्व काही त्यात घाला, कारण प्रत्येक पुनरावृत्तीत त्यातील काहीतरी हरवते. चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेला हा उपदेश बोलण्याच्या ओघात आला आहे, आणि त्यामागोमाग लगेच वाद्ये सुरू होतात.

पण या सर्वांत माझ्या दृष्टीने मोलाची जागा दुसरीच आहे. डॉक वॉटसन हे उत्तर कॅरोलिनातील डीप गॅप या खेड्यातले. वयाचे वर्ष पुरे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. तरुणपणी रेडिओवर आणि तबकड्यांवर मर्ल ट्रॅव्हिस यांची गिटार ऐकून ते इतके भारावले की, 1949 मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याच्या नावात त्यांनी मर्ल हे नाव घातले. तो मुलगा मोठा झाला, स्वतः उत्तम गिटारवादक झाला, 1964 पासून वडिलांच्या शेजारी बसून देशभर वाजवू लागला. आणि एवढ्या काळात वॉटसन आणि ट्रॅव्हिस यांची गाठ एकदाही पडली नव्हती. ती वुडलँडमध्ये पडली, आणि फीत चालू होती. पन्नाशीच्या आसपासचे दोन पुरुष प्रथमच समोरासमोर येतात. वॉटसन सांगतात की, तुमच्या वादनाच्या प्रेमापोटी मी मुलाला तुमचे नाव दिले. ट्रॅव्हिस संकोचतात, कोणाचे कौतुक अधिक मोठे यावर दोघांचा सौम्य आग्रह चालतो, मध्येच एखादी तार छेडली जाते. आवाज मोठे नाहीत. ध्वनिक्षेपकापासून थोडे दूर, आपल्याला ऐकविण्यासाठी न केलेले असे ते बोलणे आहे. एका दृष्टिहीन माणसाने ज्याला आयुष्यभर केवळ आवाजावरून ओळखले त्याची भेट आपल्यालाही केवळ आवाजावरून घडते, आणि पाहणाऱ्याचा वरचष्मा येथे कोणाकडेच उरत नाही. या एका मिनिटासाठी मी तीन तबकड्यांचा संच विकत घेईन.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीच्या 2005 सालच्या निवडीत या संचाचा समावेश केला, आणि त्याच नावाचे पुढील दोन संच 1989 व 2002 मध्ये निघाले. त्यांचा परामर्श पुढे योग्य ठिकाणी घेतला आहे. त्यांत गाणी चांगली आहेत. पण पहिल्या संचात एकमेकांना न ओळखणारी माणसे होती, आणि ती नवलाई दुसऱ्यांदा येणे शक्यच नव्हते.

आता प्रतींविषयी. संच पुष्कळ खपला, त्यामुळे त्याची प्रत मिळणे कठीण नाही आणि तिच्यासाठी अवाच्या सवा किंमत देण्याचे कारण नाही. 1960 नंतर शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील जुन्या मालाच्या दुकानांतून तो सहज मिळू शकतो. मुंबईत चोरबाजारच्या मटन स्ट्रीटसारख्या ठिकाणी परदेशी तबकड्यांच्या गठ्ठ्यात अशा वस्तू क्वचित येतात. आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाल्यापासून तबकडीवरील मजकूर आणि क्रमांक यांच्या नोंदी शिस्तीने ठेवण्याची सवय मराठी संग्राहकांत रुजली आहे, आणि ती शिस्त येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. वेष्टनाच्या कण्यावरील क्रमांक यूएएस-9801 आहे काय ते पाहावे. मग तबकडी काढून, कडा आणि मध्यभाग एवढ्यांनाच हात लावून, दिव्याच्या तिरप्या प्रकाशात धरावी. शेवटच्या गाण्याचा चर जेथे संपतो आणि मधला कागद सुरू होतो त्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यात हाताने कोरलेली किंवा ठशाने उमटविलेली बारीक अक्षरे दिसतात : साचा कोणत्या मूळ कापणीवरून घेतला, कोणत्या कारखान्यात दाबला, यांची ती नोंद असते. कागदाचा रंग फसवू शकतो, वेष्टन दुसऱ्याच प्रतीचे असू शकते, परंतु ही अक्षरे त्या तबकडीच्या अंगातच असतात, म्हणून इतबार त्यांच्यावर ठेवावा. तिन्ही तबकड्या एकाच छपाईच्या आहेत ना, हेही त्यांवरूनच कळते. जुन्या संचांत एक तबकडी फुटली की दुसऱ्या संचातील आणून घालण्याचा प्रकार सर्रास चाले.

वेष्टनावर नौसेनाधिकारी डेव्हिड डिक्सन पोर्टर यांचे यादवी युद्धाच्या काळातील जुन्या धर्तीचे चित्र आहे. त्याचा कोपरा कापलेला किंवा कडेला करवतीची खाच दिसली तर तो माल कंपनीने स्वस्तात काढून टाकलेला होता एवढेच समजावे, त्याने आवाजात फरक पडत नाही. तबकडीचा वर्तुळाकार ठसा वेष्टनावर उमटला असेल तर ती आडवी रचून ठेवली होती हे उघड आहे, आणि मग आतली तबकडी वाकली नाही ना हे फिरत्या चक्रावर ठेवून पाहावे. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके येतात. ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडाने चरांच्या दिशेने पुसले असता ते बहुधा जातात. मात्र हाच उपाय कार्टर कुटुंबाच्या काळातील 78 फेऱ्यांच्या तबकडीवर कोणी करू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि एका पुसण्यात सारे मुद्रण नष्ट होते. बाहेरचे आवरणही विचारपूर्वक निवडावे; मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांतील द्रव्य कालांतराने बाहेर येऊन तबकडीवर धुकट थर बसतो, तो कशानेही निघत नाही.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा कानाची. जोरात वाजणाऱ्या बँजोखाली शेकडो बारीक ओरखडे लपून जातात, आणि विक्रेता तबकडी वाजवून दाखवितो ती बहुधा अशाच एखाद्या द्रुत गाण्याने. माझी सूचना अशी की, त्याला सुई उचलावयास सांगून ती संभाषणाच्या जागी ठेवावयास सांगावे. तेथे वाद्ये थांबलेली असतात, माणसे हळू बोलत असतात, आणि तबकडीच्या पृष्ठभागाचा जो काही दोष असेल तो उघडा पडतो. एखादी टिचकी मधूनमधून येते तिला हरकत नाही. पण शब्दच खरखरीत बुडत असतील तर आधीच्या मालकाने जड, झिजलेल्या सुईने ती बाजू कित्येक वर्षे वाजविली आहे असे खुशाल धरावे. कित्येकदा एकाच संचात जिमी मार्टिन यांची बाजू झिजून गेलेली आणि दुसरी एखादी बाजू जवळजवळ कोरी असते. मालकाची आवड काय होती ते अशा प्रतीत वाचता येते, आणि असे वाचणे मला आवडते. तरीही विकत घेताना आवडीची भीड बाळगू नये.

आणखी एक जागा तपासली पाहिजे. तबकडी एकाच गतीने फिरते, परंतु बाहेरच्या मोठ्या वर्तुळात सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर चर सरकतो आणि अगदी आतल्या वर्तुळात तोच सुमारे 21 सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तोच ध्वनी निम्म्याहूनही कमी लांबीत कोंबावा लागतो, आणि झिजेचा परिणाम तेथे सर्वांत आधी कळतो. या संचाच्या सहाव्या बाजूला मदर मेबेल आणि भोवतालची सगळी मंडळी मिळून नावाचे गाणे गातात, आणि त्यानंतर, चर अगदी आत येऊन पोचल्यावर, अर्ल स्क्रग्ज यांचा अठरा वर्षांचा मुलगा रँडी जोनी मिचेल यांच्या ‘बोथ साइड्स नाऊ’ची चाल एकट्या गिटारवर वाजवितो. साथ नाही, आवाज नाही. सहा तारा आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. निर्मात्यांनी शेवट म्हणून नव्या पिढीचे हे वादन ठेवले, आणि ते तबकडीच्या सर्वांत गैरसोयीच्या भागात येऊन पडले. विक्रेता एकच जागा ऐकवावयास तयार असेल तर संभाषणाची जागाही सोडून द्यावी आणि ही ऐकावी. येथे गिटारच्या वरच्या तारा स्वच्छ, न फाटता ऐकू आल्या तर उरलेल्या पाच बाजूंविषयी फारशी चिंता न करता पैसे मोजावेत.